उजेडाचा फोटो

त्याला सगळे पायलट म्हणत, आणि तो आयुष्यात एकदाही विमानात बसला नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला साधा मीटर तपासनीस. पण सुट्टी आली की कॅमेरा गळ्यात, आणि स्वारी धावपट्टीच्या कुंपणाशी हजर. विमानाचा फोटो काढायचा, शेपटीवरचा नंबर टिपायचा, आणि घरी येऊन स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये भरायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे मात्र कुणी सांगत नाही.

बरोबर बायको असायची. विमान यायच्या आधी तो तिला कुंपणाजवळ उभी करी. "अगं, इकडे बघ, उजेड बघतो." एक फोटो काढायचा, तिचा चेहरा काळा पडलाय की पांढरा ते पाहायचं, दोन बटणं फिरवायची आणि म्हणायचं, "हो बाजूला, आलं!"

"लोकांच्या बायका फोटोसाठी नटतात, मी उजेडासाठी उभी राहते," ती हसत सांगायची. एरवी कुणी कॅमेरा रोखला की ती कुणाच्या तरी पाठीमागे दडायची. त्याच्यासमोर तेवढी सरळ उभी राहिली, बावीस वर्षं.

गेल्या आठवड्यात ती गेली. दोन दिवसांचा ताप काय, आणि माणूस नाही काय.

मुलगी रिकामी फ्रेम घेऊन आली. "बाबा, आईचा एक चांगला फोटो द्या. ओळखपत्रावरचा नको, त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते."

"एक काय मागतेस? हजारो आहेत," असं म्हणून त्याने कॉम्प्युटर लावला, आणि लावता लावताच त्याला आठवलं.

मागच्या वर्षी डिस्क भरली होती. तेव्हा आठ दिवस खपून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. फोटोत विमान दिसलं तर ठेव, नसेल तर काढून टाक. दुसऱ्या डिस्कवरची प्रतही काढून टाक, कारण दोन्हीकडे सारखं असावं हा त्याचाच नियम. तेव्हापासून नवे फोटो भरले की प्रोग्रॅम आपोआप चाले, आणि तो एकदाही चुकला नाही. पहिल्यांदा तो चालू असताना ती चहा घेऊन आली होती.

"काय काढताय एवढं?"

"कचरा."

"काढा बाई, काढा. घरातला एक तरी कोपरा स्वच्छ होईल." आणि ती शेजारी बसली. पडद्यावर पळणारे आकडे दोघांनी मिळून पाहिले होते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने दोन्ही डिस्क तपासल्या. "काका, त्या जागेवर नवी विमानं बसलीत. आता काही निघायचं नाही."

मग दोन दिवस त्याने विमानांचे फोटो मोठे करून करून पाहिले. कुठे कोपऱ्यात तिचा हात, निदान कोपर तरी आलं असेल. कुठेच नव्हतं. "हो बाजूला" म्हटलं की ती पुरती बाजूला व्हायची. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात. याने तो आठ दिवस घासूनपुसून मारला होता.

उरली होती एक यादी. काढून टाकलेल्या प्रत्येक फोटोमागे प्रोग्रॅमने एक ओळ लिहून ठेवली होती: फोटो काढल्याची तारीख, वेळ, शेरा. चार हजार एकशे सोळा ओळी. तो पहिल्यापासून वाचायला बसला. या सकाळी तिने त्याचा कोट घातला होता. या दिवशी विमान आलंच नाही, दोघं दुपारपर्यंत गप्पा मारत बसली. इथे तिचा चष्मा नवा होता. चेहरा मात्र काही केल्या पुरता आठवेना, आणि त्याला रडू फुटलं.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. फ्रेम तिच्या हातातच होती. तिने वाकून एक ओळ वाचली, मग खालची, मग त्याखालची. शेरा सगळीकडे एकच होता.

"'विमान नाही. निकामी.' हे काय आहे, बाबा?"

"तुझी आई," तो म्हणाला.