सुमेरमल शेठचा रेडिओ

मित्रांनो, माझ्या पोटात वीज नाही, चावीची स्प्रिंग आहे. मी शहाद्याच्या सुमेरमल शेठच्या कापडदुकानातला जुना ग्रामोफोन. आसपासच्या गावांत लग्न निघालं की बैलगाडीत बसून मीच वाजायला जायचो. पोरं नवरदेवाआधी मला बघायला धावायची. गर्व होता थोडा, कबूल करतो.

सत्तावन्न साली समोरच्या धर्मचंदने आपल्या कापडदुकानात रेडिओ आणला. बाजाराला आलेली माणसं नवी गाणी ऐकत तिकडेच लुगडी घेऊ लागली. माझ्या तबकड्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या. शेठ गिऱ्हाइकांसमोरच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "येत्या बाजारले गर्दी नही जमनी, तर हाऊ भंगारमा." मला धडकी भरली.

पण शेठचा जीव होता माझ्यावर. त्यांनी एक शक्कल लढवली. मला लाकडी खोक्यात कोंबलं, पुढे जाळीचं कापड लावलं, त्याखाली कपाटाच्या दोन मुठी ठोकल्या आणि 'नवा रेडिओ' म्हणून दारात मांडलं. बाजाराच्या दिवशी खरंच गर्दी जमली. शेठ खोक्यामागे उकिडवे बसून चावी देत होते, आणि दोन गाण्यांमध्ये नाकातून बातम्याही सांगत होते. प्रत्येक बातमीत सुमेरमलकडची लुगडी स्वस्त झालेली असायची.

गाणं रंगात आलं आणि शेठना शिंकांनी गाठलं. एक, दोन, सात! चावी द्यायची राहिली. गाणारी बाई हळूहळू म्हशीसारखी रेकू लागली. लोटन नावाच्या शेतकऱ्याने खोक्यामागे डोकावलं.

"शेठ, रेडूले काब्रं चावी दी ऱ्हायनात?"

रेडिओला कशाला चावी! सगळा बाजार हसला. शेठ लाजेने लालेलाल झाले आणि त्यांनी तिथूनच भंगारवाल्याला हाक मारली. त्याने मला उचललंसुद्धा.

तेवढ्यात ब्राह्मणपुरीच्या जसोदाबाई पुढे आल्या. "थांब रे भाऊ! मन्हा लगीनमा हाऊच वाजना व्हता. शेठ, तेच गानं लावा. समोरला रेडू आपलंच बोलत ऱ्हास, कोनं ऐकत नही."

शेठनी ती तबकडी शोधून लावली. जसोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचे यजमान मगनभाई मात्र एकदम बैलाचा कासरा तपासू लागले. मला फार भरून आलं. मग "मन्हं बी लावा!" म्हणत बायकांची झुंबड उडाली. भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. शेठनी खोकं मोडून पाटी लिहिली : 'लुगडं घ्या, आपल्या लग्नातलं गाणं ऐका.'

मित्रांनो, जुन्याला नव्याचं सोंग देऊ नका. त्याला त्याचं स्वतःचं काम द्या, आणि वेळेवर तेलपाणी करा.

तिसऱ्या बाजाराला धर्मचंद स्वतः आला. त्याच्या वरातीतही मीच वाजलो होतो. त्याने शेठच्या कानात काहीतरी सांगितलं. शेठनी गंभीर चेहऱ्याने पाटीकडे बोट दाखवलं.

आणि घरच्या दुकानात लुगड्यांचे ढीग असलेल्या धर्मचंदने मुकाट्याने एक लुगडं विकत घेतलं.