ओल्द्रिखची लायब्ररी

रादानाचा पाय टेबलाखाली सकाळपासून थांबत नव्हता. शुक्रवारी दुपारी चेक देशातल्या ब्रनो शहरात कुणी ऑफिसात सापडेल तर शपथ! सगळे गावाबाहेरच्या आपापल्या खोपटांकडे पळालेले. ही मात्र अडकलेली. कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली बसवणाऱ्या नव्या इन्स्टॉलरमध्ये डिस्क सांभाळायला, म्हणजे त्यांचे भाग पाडायला, पुसायला, तयार कोडची कोणती लायब्ररी घ्यायची हे तिला आजच कळवायचं होतं. जुनी ओल्द्रिखने लिहिलेली, नवी कुण्या परक्या पोरांची. नवी घेतली की ओल्द्रिखचं इथलं काम संपलं. आणि रादानाला हे काम शिकवलं कुणी? त्यानेच. आता सांगा, त्याचंच नाव खोडायचं कसं!

"अगं, किती चुळबुळ करशील?" तिच्यासोबत मागे राहिलेला ओल्द्रिख खुर्ची ओढत म्हणाला. "माझी चुटकीसरशी डिस्क पुसते. तुझ्या त्या नवीच्या चौकशाच संपत नाहीत. हीच का? नक्की का?"

"काका, माणसं चुकतात."

"गाढवं चुकतात. बघ आता."

त्याने एक रिकामी डिस्क स्वतःच्याच कॉम्प्युटरला जोडली, तो चालू केला आणि सवयीने डिस्कचं नाव टाइप करून एंटर मारलं. कुठली डिस्क आहे ते बघितलंसुद्धा नाही. कॉम्प्युटर सुरू होताना लिनक्स डिस्कना ही नावं दर वेळी नव्याने देतं, कधी अदलाबदल होते, हे रादानाला शिकवणारा हाच शहाणा!

रिकाम्या डिस्कचा दिवा लुकलुकलाच नाही. रादानाने वाकून स्क्रीनवरची डिस्कची यादी वाचली.

"काका... दुसरीच, तुमची आतली डिस्क पुसली गेली."

ओल्द्रिखचा चेहरा पांढराफटक पडला. त्या डिस्कवर गावच्या बँडची रेकॉर्डिंगं होती. त्यात त्याचे वडील ट्युबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवायचे. वडील जाऊनही बरीच वर्षं झाली.

"बॅकअप असेल ना?"

"जगाला बॅकअप घ्या म्हणून ओरडतो मी," तो कसंनुसं हसला. "माझ्याकडे कुठला!"

ओल्द्रिखने रादानाच्या स्क्रीनकडे मान वळवली.

"तुझ्या नवीने विचारलं असतं?"

"हो. डिस्कवर फाइली आहेत, असंही सांगितलं असतं."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? लिही तिचं नाव."

रादानाला रडू फुटलं. बोटं काही हलेनात. शेवटी ओल्द्रिखनेच कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि नव्या लायब्ररीचं नाव लिहिलं. पाठवण्याआधी ते दोनदा वाचलं.