पानावरचा राजा

अक्षय तृतीयेच्या सांजेला गावाबाहेरच्या शेतात धान्यांचं रिंगण मांडायचं, मधल्या खड्ड्यात पाण्याची घागर, घागरीपाशी विड्याचं पान, पानावर सुपारी; आणि मग उजाडेपर्यंत कुणी तिकडे फिरकायचं नाही, अशी मोताळ्याकडच्या त्या गावाची जुनी रीत. सकाळी तुळशीराम मांडणी वाचायचा. धान्य कसं विस्कटलं त्यावरून पीकपाणी, आणि सुपारीवरून राजा. सुपारी जागेवर तर राजा जागेवर. राजा म्हणजे निजाम की इंग्रज, यावर आज्या-पणज्यांच्या काळी वऱ्हाडात वाद होत. मग राजा दिल्लीला गेला. महाराष्ट्र झाला, ग्रामपंचायतीला वजन आलं, तेव्हापासून राजा म्हणजे सरपंच. लोकशाहीनं तेवढं सोपं केलं.

मागल्या साली सुपारी पानावरून उतरून मातीत सापडली. सरपंच अर्जुनराव भाविक माणूस. निवडणूक तोंडावर होती. त्यांनी अर्जच भरला नाही. मग जेवण सोडलं. आषाढात गेले. त्यांना कुणी मारलं नाही, नुसतं कळवलं.

कळवणारे रंगराव तेव्हा उपसरपंच होते. बायको सुभद्राबाई भाकर थापता थापता त्यांना म्हणाली होती, "सुपारीले पाय फुटाची वाट पाहून राह्यले का? बोट लावा." त्यांनी लावलं. इतकं हलकं काम रंगरावांनी जन्मात केलं नव्हतं.

खुर्ची मिळाली. पण खुर्चीत बसलं की समोरची दौत जराशी सरकलेली दिसायची. रंगराव ती नीट ठेवायचे. शिपाई अदबीनं सांगायचा की दौत आधीच नीट होती. मग घरातला पाट सरकू लागला, ताट सरकू लागलं, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सरकू लागला. सुभद्राबाई आधी हसली. मग तिनं देव्हाऱ्याला दार बसवलं. पुढे पुढे नवऱ्याला ताट वाढून ती लांब दाराशी जाऊन बसायची.

यंदाच्या मांडणीला रंगरावांनी बांधावर दोन राखणदार बसवले. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. यंदा सुपारी हलली तर गाव खुर्ची मागणार होतं, आणि ही सवय गावाला त्यांनीच लावली होती.

सकाळी सगळं गाव रिंगणाभोवती जमलं. तुळशीराम सावकाश फिरला. ज्वारी बरी, कापूस मध्यम. मग घागरीपाशी वाकला आणि म्हणाला की राजा कायम आहे. सुपारी पानाच्या मधोमध होती. माणसं सैलावली, कुणीतरी पेढ्यांचं बोलू लागलं.

रंगरावांना पान रिकामं दिसत होतं. सुपारी खाली मातीत पडलेली, आणि तिच्यामागे बोटाएवढी चरी.

"सरकली ना थे," ते म्हणाले.

"नाई जी. मधोमध हाये."

"मले दिसून राह्यलं ना बे."

पोरं हसली. म्हातारे हसले नाहीत. आपली लाज राखायला तुळशीराम खोटं बोलतोय, असं रंगरावांना वाटलं. खोटेपणाची त्यांना चीड होती. धान्य ओलांडून ते रिंगणात शिरले. वाचणाऱ्याशिवाय कुणी आत पाय टाकायचा नसतो, हे त्यांना कुणी ओरडून सांगितलंही नाही.

ते गुडघ्यांवर बसले. मातीतून त्यांनी काहीतरी अलगद उचललं. चिमटीत काही नव्हतं. ते काही-नाही त्यांनी जपून पानाच्या मधोमध ठेवलं, तर्जनीनं दाबून बसवलं. खरी सुपारी त्या बोटाच्या धक्क्यानं घरंगळली आणि मातीत जाऊन थांबली.

रंगरावांचा चेहरा वर्षभरानं मोकळा झाला.

"आता बसली," ते म्हणाले. "मागल्या साली इथूनच लोटली होती म्या. हलकीच राह्यते."

बायकांच्या घोळक्यात सुभद्राबाईनं पदर तोंडावर ओढला. तिच्या शेजारची बाई दोन पावलं बाजूला झाली. ती अर्जुनरावांची बायको, पुष्पाबाई.

"कोनत्या बोटानं, भाऊजी?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही.

मतदानाची शाई दाखवावी तसं रंगरावांनी बोट वर केलं.

तुळशीराम पुन्हा घागरीपाशी वाकला. आहे तसं वाचायचं, एवढंच त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं.

"राजा गेला," तो म्हणाला.

रंगरावांनी पानाकडे पाहिलं. त्यांना तिथे सुपारी दिसत होती, अगदी मधोमध.

"कोनता?" त्यांनी विचारलं.