माझ्या अंगावरच्या खडूच्या रेघा

"या बयेला पुसून पुसून माझी पाठ मोडली! आणि हिचा कीस घुसतो तो माझ्याच तळव्यात," झाडता झाडता मावशी पुटपुटल्या.

बया म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनी लेथ मशीन आहे. लोखंडाची सळई जबड्यात गच्च धरायची, गरगर फिरवायची आणि पातं टेकलं की तिला हवा तो आकार येऊ द्यायचा, हे माझं काम. त्यात निघणारा लोखंडाचा कीस मावशींच्या नशिबी.

माझं तरुणपण एका मोठ्या कारखान्यात गेलं. तिथे नव्या मशीनची गर्दी वाढली, तेव्हा मला या प्रशिक्षण केंद्राला देऊन टाकलं. आंदण म्हणून सोबत माणूसही दिला. तिथला एक कारागीर दर शनिवारी मुलांना शिकवायला येऊ लागला. सगळे त्याला काका म्हणत.

काकांची एक रीत होती. मुलाच्या हातून पहिला बिनचूक तुकडा उतरला, की ते तो फडक्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवत आणि कारखान्यातल्या साहेबांना नेऊन दाखवत. साहेब तो बोटांत फिरवून बघत, आणि मग त्या मुलाला कामावर बोलावणं येई. तसं ते आलं, की काका माझ्या अंगावर खडूची एक रेघ ओढत.

"मावशी, ही पुसायची नाही हं."

"तेवढीच एक जागा पुसायची वाचते, मी कशाला पुसू?"

पाहुणे येत, रेघा बघत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. मीही जरा तोऱ्यातच फिरायचे.

मग रेघा थांबल्या. काका मात्र येत राहिले. तोच कारखान्याचा निळा शर्ट, तीच कडक इस्त्री. पण पूर्वी त्यांच्या नखांत काळं तेल साचलेलं असायचं. आता नखं अगदी स्वच्छ. माझी चाकं त्याच हातांनी फिरायची, मला कळणार नाही? मावशींनाही कळलं. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंना तर कारखान्याचा फोनच आला होता. पण विषय निघाला की मावशी झाडू जोरात मारायच्या आणि बाई म्हणायच्या, "काका, चहा घ्या आधी."

माहीत नव्हतं ते एकट्या फळीला. ही आमची सगळ्यात बुटकी विद्यार्थिनी. माझ्या चाकापर्यंत हात पोचावा म्हणून पायाखाली लाकडी फळी घ्यायची, म्हणून हे नाव. किती सळया वाया घालवल्या तिने! शेवटी एकदा तुकडा असा उतरला, की काकांनी मापून बघितला, पुन्हा मापला आणि हसून फडक्यात गुंडाळला.

तेव्हापासून ती दर शनिवारी विचारायची, "काका, बघितला का हो साहेबांनी?"

"बघतील गं. साहेब दौऱ्यावर आहेत."

काय ते दौरे, संपतच नव्हते.

मित्रांनो, मशीनला वेळेवर तेल घाला, कापडाने पुसा, एवढं मी मागणारच. मला गंज चढला तर घासून काढता येतो. पण कुणी तुमच्या शब्दावर थांबलं असेल, तर त्याला फार काळ तसंच थांबवू नका. त्याचे दिवस मात्र कशानेही परत येत नाहीत.

गेल्या शनिवारी फळी धावतच आली.

"काका, आईच्या ओळखीच्या एक बाई आहेत, पंप दुरुस्त करतात. त्या मला कामावर घेतायत, शिकवणारही आहेत. पण उद्याच सांगायचंय, नाहीतर दुसरी मुलगी घेतील. आई मागे लागलीय. मी नाही म्हणून सांगते ना? कारखान्यातून बोलावणं येईलच की आपलं."

मावशींचा झाडू थांबला. मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "काका, चहा..."

"नको बाई, आज चहा नको."

काकांनी मला बंद केलं. मी फिरत फिरत हळूहळू थांबले. त्यांनी खिशातून फडकं काढून उलगडलं. आत फळीचा तुकडा होता, तसाच, चकचकीत.

फळीने तुकड्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"तू त्या पंपवाल्या बाईंना हो म्हणून सांग," काका म्हणाले. "मला कारखान्यातून काढून टाकलंय, पोरी. हा कुणी बघितलाच नाही."