ज्ञानू टेलरची लपवाछपवी

दौंडचा ज्ञानू टेलर शिरूरला सुलक्षणा वकिलांकडं आला तो शेजाऱ्याचा ढगळ शर्ट घालून. मोबाइलवर कर्जावर कर्ज काढून तो पुरता बुडाला होता. आता दिवाळखोरीचा अर्ज करायचा होता.

"टेलर असून असा शर्ट?" बाईंनी विचारलं.

"माझे खुटबावला मेव्हण्याकडं लपवलेत. शिलाई मशीन, भांडीबी तिथंच. आठ दिस शेजारी जेवतोय. कोर्टानं उचलून न्यायला नको!"

बाई खो खो हसल्या. "अहो, पोट भरायची हत्यारं, रांधायची भांडी, अंगावरचे कपडे कोर्ट नेत नाही. लपवलंत तर मात्र अंगाशी येईल. सगळं घरी आणा, अर्जात लिहू. अन् देणं फेडता येत नाही म्हणून अर्ज करणं हा काही गुन्हा नाही."

ज्ञानूनं तिथूनच बायकोला फोन लावला. "म्हाळसा, टेम्पो सांग! मशीन घरी आणायचंय!"

फोन ठेवून त्यानं आठ दिसांत पहिल्यांदा मान वर केली, तर समोर बाईंचा काळा कोट. ज्ञानूच्या कपाळाला आठी पडली. त्यानं खिशातनं टेप काढला. तेवढा लपवणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"उभ्या ऱ्हावा बाई. कुणी शिवला हा? खांदा पार घसरलाय!"