उद्या आपण हरणार

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. मित्रांनो, माझ्या पोटात ना यंत्र आहे ना तार. एका टोकाला तोंड लावून ओरडायचे, दुसऱ्या टोकातून तोच आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. माझे काम एवढेच.

एमिल हॉफस्टेटर हा पत्र्याची कामे करणारा कारागीर. छपराच्या कामातून उरलेल्या पत्र्यातून त्याने १९४८ साली मला घडवले. आमचे ऑर्डवे कॉलेज आणि नदीपलीकडचे पेल्टन कॉलेज यांचा अमेरिकी फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा, सामना दर नोव्हेंबरात होई. जिंकणाऱ्याला एक जुनी दुधाची किटली मिळे. आम्ही जिंकलो की ती लाल रंगवायची, ते जिंकले की हिरवी. आदल्या संध्याकाळी एमिल दुकानाच्या पायरीवर उभा राहून माझ्यातून गावाला सामन्याचा अंदाज सांगे. १९६१ साली तो म्हणाला, "उद्या आपण जिंकणार!" आणि आम्ही चौतीस-शून्य हरलो. जिंकणार म्हटले की दृष्ट लागते, म्हणून तेव्हापासून रीत पडली. गड्यांबद्दल, वाऱ्याबद्दल, चिखलाबद्दल खरे तेच सांगायचे; पण शेवटी म्हणायचे, "उद्या आपण हरणार." मग सगळे गाव ओरडते, "हरणारच!" आणि समाधानाने जेवायला जाते. निकाल माझ्या आतल्या अंगाला खिळ्याने कोरतात.

पुढे मैदानावर विजेचे भोंगे आले आणि मी कोठारात गेलो. कोंबड्यांचे खाद्य डब्यात ओतायला मला उलटा धरत. कर्ण्याचे नरसाळे झाले! अकरा वर्षे मी ते सोसले. एमिल गेल्यावर त्याच्या मुलीने, लव्हर्नने, मला पुसून पुन्हा पायरीवर आणले. एकतीस वर्षे शाळेची बस चालवलेली ती बाई. तिच्या आवाजाला खरे तर माझी गरज नव्हती.

यंदाचा सामना मात्र शेवटचा होता. पेल्टन मोठ्या संघांच्या गटात निघाले होते. हा सामना जो जिंकेल त्याच्याकडे किटली कायमची राहणार होती. ती आठ वर्षे नदीपलीकडे होती. वडिलांनी पहिल्यांदा लाल रंगवलेली किटली एकदा तरी घरी यावी, एवढीच लव्हर्नची इच्छा होती. आणि नेमके याच वर्षी घशाच्या शस्त्रक्रियेने तिचा आवाज गेला. उरली फक्त कुजबुज.

म्हणून शुक्रवारी पाच वाजता पायरीवर उभी राहिली तिची सून कॉरिन. ती वसंतात लग्न करून दूर दक्षिणेतल्या जॉर्जियातून आलेली. लव्हर्नने लिहिलेला कागद तिने माझ्यातून वाचला.

"त्यांचा चेंडू फेकणारा गडी आपल्यापेक्षा सरस आहे. आपली डावी फळी कच्ची आहे. ते तिथूनच घुसतील. आपला टिलरी चेंडू काखेत मारून निघाला, की त्याला पाडायला दोघे लागतात, त्यालाच पळवावे. तीननंतर नदीवरून वारा सुटतो. त्यांच्या किक मारणाऱ्याच्या या मोसमातल्या पाच किक चुकल्या, पाचही डावीकडे. सामना त्याच्या पायावर आला, तर आशा आहे."

मग कॉरिन थांबली. शेवटची ओळ तिला म्हातारीची निराशा वाटली. तिने कागद घडी केला आणि जीव तोडून ओरडली, "उद्या आपण जिंकणार! दहा गुणांनी!"

मित्रांनो, तो शब्द माझ्यातून गेला. मी अडवू शकलो नाही.

न्हावी कार्ल ऑस्टबीने डोक्यावरची टोपी काढली. "लव्हर्न, सूनबाईला आवर गं! बुडवलं हिनं!"

"आमच्याकडे आपल्या माणसांना कुणी हरणार म्हणत नाही," कॉरिन गोंधळली. दक्षिणेकडच्या अदबीने ती सासूला मिस म्हणे. "मिस लव्हर्न, माझं काही चुकलं का?"

"चुकलं?" कार्ल म्हणाला. "अगं, पेल्टनवाल्यांना घरपोच किटली दिलीस!"

लव्हर्नने मला तोंडाला लावले. कुजबुज माझ्यातून पहिल्या रांगेपर्यंत पोचली. "चुकलं तिचं. पण शब्द माझ्या घरातून गेलाय. उद्या कर्णा हिच्याच हातात राहील. हरलो, तर या पायरीवरून अंदाज सांगायचा हक्क आमचा नाही."

शनिवारी पेल्टन डाव्या फळीतूनच घुसले, तीनदा. टिलरीने चेंडू काखेत मारून दोनदा सीमा गाठली. बाकी गुण आमच्या किकांनी दिले. तेवीस-एकवीस. आम्ही दोनने पुढे, घड्याळात चार सेकंद, आणि पेल्टनची एक किक बाकी. ती दोन खांबांमधून गेली की तीन गुण त्यांचे. सव्वातीन वाजले होते.

"मिस लव्हर्न, मी बघत नाही," कॉरिन म्हणाली.

"बघ," लव्हर्न कुजबुजली. "वारा बघ."

चेंडू उंच उठला, सरळ आला आणि हळूच डावीकडे वळला. खांबाच्या बाहेरून गेला! त्या क्षणी कॉरिन माझ्यातून जे ओरडली, त्याला शब्द नव्हते. माझा पत्रा अजून झणझणतो आहे.

किटली घरी आली. लव्हर्नने ती स्वतः लाल रंगवली. मग कार्लने सफरचंदाचा गरम रस आणला, पण किटलीचे तोंड पडले अरुंद. त्याने मलाच उलटे धरले. मी पुन्हा नरसाळे झालो! पण या वेळी माझ्यातून रस उतरत होता आणि सारे गाव पेले घेऊन उभे होते.

"दहा म्हणाली होतीस. दोनच निघाले," कार्लने कॉरिनला टोमणा मारला.

"बाकीचे आठ तुमच्या तोंडामुळे गेले," ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून कपाटात ठेवू नका. त्यांना कामाला लावा. माझे पोचे काढू नका, आतले आकडे पुसू नका. तेवीस-एकवीस कॉरिनने कोरले आहे; त्यातला एकचा आकडा जरा वाकडा आला आहे.

पुढच्या शनिवारी नव्या संघाशी सामना होता. शुक्रवारी कॉरिन पायरीवर चढली. गडी, वारा, चिखल, सगळे खरे सांगितले. मग तिने सासूकडे पाहिले, श्वास घेतला आणि आपल्या दक्षिणी हेलात म्हणाली, "उद्या आपण हरणार."

"हरणारच!" सगळे गाव गरजले. त्यात एक कुजबुजही होती. मला ती नीट ऐकू आली.