मिरजेहून नवी बासरी आली

मित्रांनो, आटपाडीच्या बाजूला माळावर एक दोन खणांचं घर आहे. त्या घराच्या भिंतीतल्या कोनाड्यात मी राहते. मी बासरी आहे, आता बरीच जुनी. माझ्या अंगावर लाल-हिरवे पट्टे होते, ते हात लागून लागून पुसले गेले. दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलते.

माझा बांबू कुठल्या रानात वाढला ते मला आठवत नाही. आठवतो तो चटका. बासरीवाल्याने तापलेल्या सळईने माझ्या अंगाला भोकं पाडली. माप नाही, खूण नाही, सगळं नजरेने. माझ्याबरोबर माझ्या कितीतरी बहिणी होत्या. आम्हाला एका उंच काठीच्या शेंड्याला खोचून त्याने औंधच्या यात्रेत आणलं. यमाईच्या डोंगराखाली तो दिवसभर वाजवत हिंडायचा. पण वाजवायची बासरी त्याची स्वतःची होती आणि ती तो कधीच विकत नसे. लोक तिचा सूर ऐकायचे आणि आम्हाला विकत घ्यायचे.

मला घेतलं ते आप्पासो आणि मंगल या नवराबायकोने. त्यांचा लहानगा दिग्विजय खांद्यावर बसून रडत होता, त्याची समजूत काढायला. त्याने घरी पोचेपर्यंत मला फुंकलं, दुसऱ्या दिवशी मला उगारून कुत्र्याला हाकललं आणि मग तो मला विसरला. मी धान्याच्या कणगीमागे पडले. तिथे अंधार होता आणि उंदीर होते. कुणी शोधत येईल अशी वाट मी खूप दिवस पाहिली.

पुढे आप्पासो गलाईच्या धंद्यावर कोइमतूरला गेले. सोनं गाळून शुद्ध करायचं ते काम. आमच्या भागातले पुष्कळ लोक त्यासाठी दूरदूर जातात. शाळेसाठी दिग्विजयलाही त्यांनी तिकडे नेलं. घरात उरल्या मंगल आणि तिच्या सासूबाई, बयाबाई. बयाबाई मुळातच कमी बोलायच्या. कोइमतूरचा फोन आला की मंगल धावत जायची. "जेवलासा का?" एवढं विचारून होईतो पलीकडून आवाज यायचा, "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो गं." मग ती फोन हातात धरून तशीच बसायची.

एकदा कणगी हलवताना तिला मी सापडले. तिने मला पदराने पुसलं, कमरेला खोचलं आणि मेंढरं घेऊन माळावर गेली. पहिले काही दिवस माझ्यातून नुसता वारा निघाला. मग एका दुपारी बाभळीखाली बसली असताना अचानक सूर लागला. ती इतकी दचकली, की मी तिच्या हातून खाली पडले. तिने मला चटकन उचललं आणि एकटीच हसली. मला वाटतं, त्या घरात आल्यापासून मी तिला हसताना तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर मी रोज तिच्याबरोबर असे. बाजरी कापताना पूर्वी कधीतरी विळा लागून तिच्या उजव्या हाताचं एक बोट आखडलं होतं. ते नीट उघडत नसे. पण माझी भोकं जवळजवळ असल्यामुळे तेही बरोबर जाऊन बसायचं.

बयाबाईंना हे पटत नव्हतं. "बाईमाणसानं पावा वाजवत हिंडावं व्हय गं? लोक काय म्हंतील?"

मंगल म्हणाली, "माळावर कुठं हायती लोक, आत्या? मेंढरं हायती. ती काय बी म्हनत न्हाईत."

खरंच तिथे ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

गावात बायकांचं भजनी मंडळ होतं. मनुबाई पेटी वाजवायच्या. मंगलची बासरी रानात कुणीतरी ऐकली आणि मनुबाईंनी तिला बोलावून घेतलं. मंगल चांगलं लुगडं नेसून, मला तेल लावून गेली. माणसांत बसायला मिळणार म्हणून ती वाटेने जवळजवळ पळत होती. भजन सुरू झालं. खालच्या सुरांत जमलं. पण चाल वर चढली आणि पेटीचा सूर एकीकडे, आमचा दुसरीकडे. मनुबाईंनी हात थांबवला.

"मंगल, जरा थांब गं बाई. तुझं आन पेटीचं भांडान लागलंय."

बायका हसल्या. मनुबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मंगलचे कान लाल झाले. पुढच्या वेळी तिने मला नेलं नाही. ती मागे बसून नुसते टाळ वाजवू लागली, आणि मग तेही बंद झालं. "माझी फुंकरच वाकडी हाय," असं ती स्वतःशी म्हणायची. आम्ही दोघी पुन्हा माळावर बसू लागलो. आता ती वाजवताना मध्येच थांबायची, मला ओठांपासून दूर धरून माझ्याकडे पाहत राहायची.

वस्तीवरच्या शाळेत झोया नावाच्या बाई बदलून आल्या. त्या मूळच्या मिरजेच्या. त्यांचे मामा जाफरभाई तिथे वाद्यं बनवतात. शाळेच्या मागून मंगल वाजवत चालली असताना त्यांनी बासरी ऐकली आणि कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मंगलताई, तुम्ही मंडळात का वाजवत नाही?"

"मला सूर न्हाई, बाई."

"असं कोण म्हणालं? एकदा माझ्याबरोबर मिरजेला चला. मामूंना ऐकवू."

मंगल नको नको म्हणत होती. पण रविवारी ती मला पिशवीत घालून निघाली. बयाबाईंनी मेंढरं सांभाळायचं कबूल केलं, कशाला जाते ते विचारलं नाही.

जाफरभाईंचं दुकान दर्ग्यामागच्या गल्लीत होतं. आढ्याला सतारीचे भोपळे टांगलेले, कोपऱ्यात वाळायला ठेवलेले बांबू. त्यांनी मला हातात घेतलं, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं, नखाने टकटक केलं. मग झोयाबाईंनी मोबाइलवर तंबोरा लावला आणि मंगलने वाजवलं. वरच्या सुराला ती नेहमीसारखी थांबली.

"बघा चाचा, माझी फुंकरच वाकडी हाय."

जाफरभाईंनी मला घेतलं आणि तोच सूर स्वतः वाजवला. तोही चढाच निघाला.

"आता मी वाजिवली. माझीबी फुंकर वाकडी हाय का, ताई?"

त्यांनी मला मंगलच्या मांडीवर ठेवलं.

"जत्रंतली बासरी हाय ही. भोकं अंदाजानं पाडल्यात. हिचा ग उतरतो, वरचा सा चढतो. तुमी एवढी वर्सं ओठ वळवून वळवून हिला सुरात ठिवत आलाय. आता तुमी हिच्या म्होरं गेलाय."

मंगलने पदर डोळ्यांना लावला. माझा दोष मलाही तेव्हाच कळला. आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या मांडीवर पडल्यापडल्या मी विचार करत होते, की तिच्या डोक्यावरचं एवढं मोठं ओझं उतरलं हे चांगलंच झालं. आणि तरी मला कुठेतरी दडून बसावंसं वाटत होतं.

मग नवी बासरी निवडणं सुरू झालं. पहिली रेशमी दोऱ्याने सजवलेली, चकचकीत. झोयाबाई म्हणाल्या, "केवढी देखणी आहे!" पण खालचा सूर काढताना त्या बासरीचा आवाज घुसमटायचा. मंगलने ती बाजूला ठेवली.

दुसरी लांब आणि जाड होती. तिच्यातून असा खोल आवाज आला, की दुकानासमोरून जाणारा माणूस उभा राहिला. मंगलला ती सोडवेना. पण आखडलेलं बोट शेवटच्या भोकापर्यंत पोचत नव्हतं आणि वारा निसटत होता. ती पुन्हा पुन्हा हात ताणत होती.

"बोट पोचत न्हाई, ताई," जाफरभाई म्हणाले.

"पोचंल. सवय हुईल."

"सवयीनं बोट लांब हुतंय व्हय? दोन दिस हात दुखंल, मग बासरी खुंटीला लागंल. लांब बासरीचा मान मोठा, हे खरं. पर आज तुमच्या हातात बसती ती घ्या. तुमची पेटी कुठल्या पट्टीत असती?"

"काळी चार."

त्यांनी त्याच पट्टीच्या काही बासऱ्या काढल्या आणि म्हणाले, "डोळं मिटा. रंग बघू नका. झोया एकेक हातात दील. कमी वाऱ्यात भरून बोलती ती तुमची."

मंगलने डोळे मिटले. तंबोरा चालू होता. ती एकेक वाजवून परत देत गेली. "ही आखडून बोलती." "ही वर गेली की वरडती." कसं कोण जाणे, झोयाबाईंनी त्या बासऱ्यांत मलाही उचललं. मंगलची बोटं माझ्यावर टेकली मात्र, ती डोळे न उघडता म्हणाली, "ही माझीच हाय." तिने मला वाजवलं नाही. फक्त अंगठा माझ्या अंगावरून फिरवला. मला खाली ठेवायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

त्यानंतर जी आली ती साधी होती. रंग नाही, दोन ठिकाणी सुती दोरा, टोकाजवळ एक काळा डाग. तिचं शेवटचं भोक जाफरभाईंनी लहान हातांसाठी जरा बाजूला पाडलं होतं. आखडलेलं बोट तिथे अलगद बसलं. मंगलने हलकेच फुंकलं. खालचा सा, मग मधला, मग वरचा. तंबोऱ्याच्या सुरात तो सूर इतका मिसळला, की वेगळा ओळखू येईना. मंगलने डोळे उघडलेच नाहीत. भजनाची ती चढती चाल ती वाजवतच राहिली.

पैसे देऊन झाल्यावर जाफरभाई म्हणाले, "जुनी ठिवून जाता का? शेजारची पोरं फुंकायला शिकत्यात, त्यांच्या कामाला यील."

मंगलने मला छातीशी धरलं. "न्हाई चाचा. माझ्या घरात माझ्यासंगं बोलणारी हीच हुती."

ते ऐकून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पुढे मात्र बरेच दिवस वाटत राहिलं, तिथे राहिले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मंगलने मला कोनाड्यात ठेवलं, जपून, फडक्यात गुंडाळून. माळावर नवी जाऊ लागली. मंडळातही नवी गेली. मनुबाईंनी पेटी न थांबवता मान डोलावली म्हणे. नवरात्रात औंधला मंडळाचं भजन झालं, तिथेही मंगल वाजवून आली. परत आल्यावर ती बयाबाईंना सगळं सांगत होती आणि मी भिंतीतून ऐकत होते. तिचा आवाज मोठा झाला होता. मला तिचा अभिमान वाटला. पण मित्रांनो, अभिमान वाटला तरी एकटेपण जात नाही. तेल न मिळाल्याने उन्हाळ्यात माझ्या अंगाला बारीक चीर गेली. ती गेली तेव्हा आवाज झाला, पण घरात कुणी नव्हतं.

मग कोइमतूरहून फोन आला. अ‍ॅसिडच्या धुराने आप्पासोंची छाती भरली होती, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. मंगलने मेंढरं विकली. "आत्या, तुमीबी चला," असं तिने परोपरीने विनवलं.

"मला न्हाई त्या मुलखात करमायचं. तू जा. त्याला बघ," बयाबाई म्हणाल्या.

निघताना मंगलने नवी बासरी पिशवीत घातली. कोनाड्याशी आली, फडक्यावरून हात फिरवला. बाहेर गाडीवाला ओरडत होता. ती गेली.

त्यानंतर त्या घरात जी शांतता पसरली, तशी मी कणगीमागेही अनुभवली नव्हती. बयाबाई एकट्याच भाकरी थापायच्या, एकट्याच खायच्या. मावळतीला दारात बसून रिकाम्या मेंढवाड्याकडे बघायच्या. मेंढरांचा वास तेवढा उरला होता.

एका संध्याकाळी त्या उठल्या आणि कोनाड्यापाशी आल्या. त्यांनी फडकं सोडलं. माझी चीर पाहून त्या 'अरारा' म्हणाल्या. मग वाटीत गोडेतेल घेऊन बोटाने माझ्या अंगाला चोळलं आणि चिरेवर दोरा गुंडाळून घट्ट गाठ मारली. तेवढ्यात फोन वाजला.

"आत्या, काय करताय?"

"काय न्हाई. तुझी बासरी पुसतीया." बयाबाईंनी चिरेवरची गाठ चाचपली. मग खाली बघत म्हणाल्या, "मंगल, हिच्यातनं आवाज कसा काडायचा गं?"

पलीकडून मंगल हळू आवाजात सांगू लागली. ओठ असे, वारा थोडा, गाल फुगवायचे नाहीत. बयाबाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि मला तोंडाला लावलं. नुसता वारा गेला. पुन्हा वारा. त्यांना धाप लागली. पुन्हा फुंकलं, आणि माझ्या आतून एक थरथरता, अर्धा सूर निघाला. मी तो स्वतःच विसरले होते.

"आत्या! आला की वो!" फोनमधून मंगल ओरडली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

मित्रांनो, तुम्हीही शिकता शिकता पुढे जाल आणि तुम्हाला अधिक चांगली बासरी लागेल. ती जरूर घ्या. डोळे मिटून, आपल्या हाताला आणि श्वासाला विचारून घ्या. फक्त जुनीला प्रेमापोटी फडक्यात गुंडाळून ठेवू नका. तिला तेल लावा आणि कुणाच्या तरी हातात द्या. आम्हाला जागा नको असते, वारा हवा असतो.

बयाबाईंना अजून एकच सूर येतो, आणि तोही रोज येतोच असं नाही. पण रोज संध्याकाळी त्या कोनाड्याकडे येतात.